आधी मोजा, मग ठोका
जमिनीखालच्या वीज केबलमधील इन्सुलेशन फॉल्ट शोधण्यावरील पुस्तिकेची प्रस्तावना

वरून जाणारी लाइन बिघडली की ते दिसते. तार खांबावरून लोंबते, इन्सुलेटर फुटून खाली पडतो, झाडाची फांदी तारांवर आडवी झालेली असते. लाइनमनने फीडरच्या बाजूने एक फेरी मारली की बहुतेक वेळा जागा सापडते. जमिनीखालच्या केबलचे तसे नाही. सबस्टेशनमध्ये ब्रेकर पडतो, रिलेवर अर्थ फॉल्टची खूण येते, आणि रस्ता, गवत, माती सगळे कालच्यासारखेच असते. दोन किलोमीटरच्या केबलमध्ये जळालेली जागा पुष्कळदा बोटाच्या पेराएवढी असते. सगळा रस्ता न खणता ती जागा सांगायची कशी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

जालना जिल्ह्यात या विषयाशी तीन प्रकारच्या लोकांची गाठ पडते. पहिले कारखान्यांतले इलेक्ट्रिशियन. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल आहेत. त्यांना लागणारी वीज उच्च दाबाने येते आणि आवारात अनेक ठिकाणी केबलमधूनच भट्टीच्या रोहित्रापर्यंत जाते. दुसरे वीज वितरणाचे कर्मचारी. वस्ती दाट झाली, रस्ता रुंद झाला, महामार्ग ओलांडायचा आला की वरची लाइन जमिनीखाली न्यावी लागते. तिसरे शेतकरी. अंबड, घनसावंगी, बदनापूरकडे मोसंबीच्या बागा बोअरवर जगतात, आणि स्टार्टरच्या पेटीपासून बोअरमधल्या मोटारीपर्यंत वीज नेते ती केबलच. तिघांचे व्होल्टेज वेगळे, साधने वेगळी, खिसा वेगळा. पण बिघाडामागचे कारण आणि तो शोधण्याचा विचार एकच आहे.

हा विचार नीट लिहून ठेवण्याची गरज घाईमुळे पडते. भट्टीत वितळलेले लोखंड वीज गेली म्हणून वाट पाहत नाही. फार वेळ गेला तर ते भट्टीतच गोठते. बागेला पाळीचे पाणी चुकले तर बहर गळतो. मग पहिला मोह होतो तो ब्रेकर पुन्हा टाकून बघण्याचा. बिघडलेल्या केबलवर ब्रेकर टाकला की हजारो अँपिअरचा प्रवाह त्याच जखमी जागेतून जातो, जॉइंट फुटतो, शेजारच्या फेजचे इन्सुलेशन भाजते आणि एका फेजचा साधा फॉल्ट तिन्ही फेजचा होऊन बसतो. दुसरा मोह यंत्राचा: फॉल्ट शोधणारी व्हॅन आली की लगेच उच्च दाबाचे ठोके सुरू करायचे आणि आवाज कुठून येतो ते ऐकत फिरायचे. या पुस्तिकेचे म्हणणे या दोन्ही मोहांच्या विरुद्ध आहे. आधी मोजावे, मोजलेले लिहावे, आणि मगच ठोकावे.

मुळात इन्सुलेशन म्हणजे काय आणि ते का फुटते, इथून सुरुवात करू. आज ११ आणि ३३ केव्हीसाठी बहुतेक ठिकाणी एक्सएलपीई वापरतात. साध्या पॉलिथिनच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडून ते उष्णतेला टिकेल असे केलेले असते, त्यामुळे त्याचा कंडक्टर सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला चालतो. आयएस ७०९८ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे अर्थ्ड सिस्टिमच्या ११ केव्ही केबलमध्ये या थराची जाडी ३.६ मिलिमीटर असते आणि ३३ केव्हीत ८.८ मिलिमीटर. ३३ केव्हीच्या केबलमध्ये कंडक्टर आणि बाहेरचा धातूचा स्क्रीन यांच्यात साधारण १९ हजार व्होल्ट असतात. म्हणजे दर मिलिमीटर प्लास्टिकवर दोन हजारांहून अधिक व्होल्ट, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. नितळ एक्सएलपीईला हे ओझे जड नाही. ते याच्या कितीतरी पट सोसू शकते. पण त्यात हवेची पोकळी राहिली, ओल शिरली किंवा जॉइंट मारताना सुरीचा ओरखडा उमटला, तर त्या एका बिंदूवर ताण एकवटतो.

ओलीचे काम सर्वांत कपटी. पाणी आणि विद्युतदाब एकत्र आले की एक्सएलपीईत डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या, फांद्या फुटलेल्या ओल्या रेषा वाढू लागतात. त्यांना वॉटर ट्री म्हणतात. त्या वाढायला वर्षे लागतात, त्या काळात ना आवाज होतो ना ठिणगी पडते, आणि साधे मेगर केले, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजला, तर रीडिंगही बरे येऊ शकते. एक दिवस त्या रेषेच्या टोकापासून ठिणग्यांची वाट सुरू होते, आणि तिथून पुढे केबल फुटायला फार वेळ लागत नाही.

जालन्याची जमीन केबलला सोपी नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. दरवर्षीची ही ओढाताण केबलला बसते आणि तिचा मार जॉइंटवर येतो, कारण सबंध लांबीत जॉइंट हीच हाताने केलेली, ताठ आणि जोडाजोडीची जागा असते. जिथे काळी माती पातळ आहे तिथे खाली लगेच मुरूम आणि बेसाल्टचा खडक लागतो. आयएस १२५५ हे मानक सांगते, की ३३ केव्हीची केबल १.०५ मीटर, ११ केव्हीची ०.९ मीटर आणि कमी दाबाची ०.७५ मीटर खोल असावी, तिच्या खाली-वर वाळूचा किंवा चाळलेल्या मातीचा थर असावा आणि त्यावर विटांचे किंवा फरशीचे आच्छादन असावे. खडकात एवढे खणणे खर्चाचे, म्हणून चर उथळ होतो. वाळू महाग, म्हणून काढलेला मुरूमच परत लोटला जातो. मग अणकुचीदार खडा बाहेरच्या पीव्हीसी आवरणात रुततो, आणि पुढे कधीतरी त्याच कडेने पाण्याची पाइपलाइन किंवा फायबर टाकायला आलेल्या जेसीबीचा दात केबलला लागतो. केबल त्याच दिवशी तुटली तर निदान गुन्हेगार समोर असतो. नुसते आवरण खरवडले गेले तर वर्षा-दोन वर्षांनी, पावसाचे पाणी आत पोचल्यावर ब्रेकर पडतो. तोवर चर बुजलेला असतो आणि ठेकेदारही निघून गेलेला असतो.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा. केबलच्या कंडक्टरमध्ये तयार होणारी उष्णता मातीतूनच बाहेर जाते. केबल किती अँपिअर वाहू शकते याचे तक्ते जमिनीचे तापमान ३० अंश आणि माती बेताची ओलसर आहे असे धरून केलेले असतात. एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत माती उष्णता जाऊ देत नाही. शिवाय केबलच्या उष्णतेने तिच्या लगतची माती आणखी सुकते, आणि सुकल्यामुळे केबल आणखी तापते. घरगुती फीडरला रात्री उसंत मिळते. पाळीपाळीने चोवीस तास चालणाऱ्या भट्टीच्या केबलला ती मिळत नाही. उन्हाळ्यात असे भाजून निघालेले इन्सुलेशन मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात दगा देते, यात नवल नाही.

फॉल्ट शोधण्याची विद्या वाढली समुद्रात. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामधली पहिली अटलांटिक तार-केबल सुरू झाली आणि जेमतेम महिनाभरात मुकी झाली. तिचे गटापर्चाचे इन्सुलेशन आधीच सदोष होते. त्यात कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी संदेश जोराने जावा म्हणून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब लावला आणि जे टिकले असते तेही घालवले. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांचे म्हणणे उलट होते: प्रवाह अगदी थोडा ठेवा आणि तो टिपणारे साधन बारीक करा. त्यांनी आरसा लावलेले गॅल्व्हानोमीटर वापरून ते करून दाखवले. पुढच्या सगळ्या केबलचालकांनी थॉमसन यांचा धडा घेतला. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई सुएझमार्गे लंडनशी समुद्राखालून जोडली गेली. अशी केबल समुद्राच्या तळाशी बिघडली तर जहाज नेमके कुठे न्यायचे हे किनाऱ्यावर बसूनच ठरवावे लागे. त्या निकडीतून मरे यांची आणि व्हार्ली यांची लूप टेस्ट रुजली. आज जालन्यातल्या कारखान्यात आपण करतो ती मरे लूप टेस्ट त्याच गणिताची आहे.

पुढे शहरांत वीज आली. मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज, उभी राहिली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. बेस्टचे वीज वितरण जमिनीखालच्या केबलवर चालते. दाट वस्तीत आणि पावसात फॉल्ट शोधण्याचे शास्त्र महाराष्ट्रात मुरले ते अशा कामातून. इन्सुलेशनचा रोध मोजणारे, हाताने फिरवायचे यंत्र लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीने आणले. त्याचे मेगर हे व्यापारी नाव इतके रुजले, की यंत्र कुठल्याही कंपनीचे असले तरी आपण मेगरच करतो.

आता कामाचा क्रम. पुस्तिकेची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत, कारण प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाचे उत्तर देते आणि ते उत्तर हातात आल्याशिवाय पुढची पायरी चढू नये.

पहिला प्रश्न: फॉल्ट कोणत्या जातीचा आहे? शटडाऊन घेऊन, दोन्ही टोके सोडवून, प्रत्येक फेज अर्थशी आणि फेज फेजशी मेगर करायचे. नंतर दूरच्या टोकाला तिन्ही कोर एकत्र जोडून सलगता बघायची, म्हणजे कंडक्टर मध्येच तुटला आहे का ते कळते. रीडिंग काही ओहम आहे, काही किलोओहम आहे की मेगओहममध्ये आहे यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. कधी कधी पाच हजार व्होल्टच्या मेगरला केबल निरोगी दिसते आणि १९ हजारांच्या कामाच्या दाबाला फुटते. हा उडता फॉल्ट. तो ओळखण्यासाठी दाब हळूहळू वाढवत नेऊन कितीला फुटतो ते टिपावे लागते. जुन्या एक्सएलपीई केबलवर डीसीचा उच्च दाब पुन्हा पुन्हा लावू नये. इन्सुलेशनमध्ये अडकून राहिलेला भार केबल पुन्हा चालू केल्यावर घात करतो. त्याऐवजी ०.१ हर्ट्झच्या, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या, व्हीएलएफ यंत्राचा वापर होतो.

दुसरा प्रश्न: टोकापासून साधारण किती मीटरवर? याची दोन उत्तरे दोन वेगळ्या वाटांनी मिळवता येतात, आणि शक्य असेल तेव्हा दोन्ही मिळवावीत. एक उदाहरण घेऊ. समजा ३३ केव्हीची, १,८४० मीटर लांबीची केबल आहे आणि तिची एक फेज अर्थला लागली आहे.

मरे लूपमध्ये दूरच्या टोकाला बिघडलेला कोर एका चांगल्या कोरला जाड, घट्ट जंपरने जोडतात. लूपची एकूण लांबी झाली ३,६८० मीटर. जवळच्या टोकाला ब्रिज लावून काटा शून्यावर आणला आणि बिघडलेल्या बाजूच्या हाताचा वाटा एकूण हातांच्या ०.३२७ आला, तर फॉल्ट ३,६८० गुणिले ०.३२७, म्हणजे सुमारे १,२०३ मीटरवर. या पद्धतीची खुबी अशी, की फॉल्टचा स्वतःचा रोध किती आहे याने उत्तर बदलत नाही. तिच्या मर्यादाही आहेत. निदान एक कोर निरोगी हवा. आणि मध्ये कुठे वेगळ्या जाडीचा तुकडा जोडलेला असेल, म्हणजे ४०० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ३०० चा, तर मीटरांची रोधानुसार बेरीज करावी लागते. कारखान्यांत, मिळेल तो तुकडा जोडून केबल चालू केली जाते तिथे, ही चूक हमखास होते.

दुसरी वाट टीडीआरची. खोल विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल ते कळावे, तसे हे यंत्र केबलमध्ये एक सूक्ष्म पल्स सोडते आणि परत आलेली लाट टिपते. आधी निरोगी कोरवर वेग काढायचा. १,८४० मीटरचे टोक गाठून पल्स २१.४ मायक्रोसेकंदांत परत आली तर वेग दर मायक्रोसेकंदाला १७२ मीटर. मग बिघडलेल्या कोरवर प्रतिध्वनी १४ मायक्रोसेकंदांनी आला, तर १४ गुणिले १७२ भागिले २, म्हणजे १,२०४ मीटर. मरे लूपशी हे जुळते, म्हणून विश्वास ठेवायला हरकत नाही. वेग मात्र तक्त्यातून उचलू नका. त्यात दोन टक्क्यांची चूक असली तर इथे चोवीस मीटरचा फरक पडतो, आणि चोवीस मीटर म्हणजे अख्ख्या दिवसाची खोदाई.

टीडीआरला फॉल्ट दिसतो तो त्याचा रोध साधारण शंभर-दोनशे ओहमच्या खाली असेल तर. त्याहून जास्त रोधाच्या फॉल्टवरून पल्स सरळ निघून जाते. त्यावर उपाय म्हणजे आर्क रिफ्लेक्शन: सर्ज जनरेटरने एक ठोका देऊन फॉल्टच्या जागी क्षणभर ठिणगी पेटवायची आणि ती पेटलेली असतानाच पल्स सोडायची. तेवढा वेळ फॉल्ट शॉर्टसारखा दिसतो. ठोक्याआधीची आणि ठोक्यावेळची, अशी दोन चित्रे एकावर एक ठेवली की जिथे ती फाकतात ती जागा फॉल्टची. इथे एखाद-दुसरा ठोका पुरतो. केबल तासन्‌तास हाणावी लागत नाही.

तिसरा प्रश्न: केबल जाते कुठून? १,२०४ मीटर हे केबलच्या लांबीवरचे अंतर आहे, रस्त्यावरचे नव्हे. दोन्ही टोकांना वेटोळी असतात, वळणे असतात, जुन्या जॉइंटपाशी सोडलेली जादा लांबी असते. ऑडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडून, वरून कॉइल फिरवत मार्ग आखून घ्यावा लागतो. नकाशा असेल तर हे काम अर्ध्या तासाचे, नसेल तर अर्ध्या दिवसाचे.

चौथा प्रश्न: नेमके कुठे खणू? आता ठोक्यांची वेळ येते. सर्ज जनरेटर, ज्याला कामावर थंपर म्हणतात, कपॅसिटर भरून केबलमध्ये मोकळा करतो. फॉल्टपाशी ठिणगी उडते आणि जमिनीतून ‘धप्’ असा आवाज येतो. ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२ केव्हीला भरला तर त्यात २,०४८ ज्यूल ऊर्जा साठते. तोच १६ केव्हीला भरला तर फक्त ५१२. दाब दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि केबलवरचा मारही. म्हणून आधी जागा वीस-तीस मीटरच्या आत आणावी, मग लागेल तेवढ्याच दाबाने थोडे ठोके द्यावेत. चांगली यंत्रे चुंबकीय सिग्नल आणि आवाज दोन्ही पकडतात. चुंबकीय सिग्नल तत्काळ पोचतो, आवाज मातीतून सावकाश येतो. दोहोंमधला वेळ जिथे सर्वांत कमी, तिथे फॉल्ट पायाखाली. नुसत्या कानावर गेले तर फसगत होते. केबल पाइपातून जात असेल तर आवाज फॉल्टपाशी न निघता पाइपाच्या तोंडाशी निघतो. महामार्ग ओलांडणाऱ्या खोल पाइपात तर तो वर येतच नाही. भेगाळलेल्या काळ्या मातीत तो विरतो. भिजलेला जॉइंट काही ठोक्यांनंतर सुकून गप्प होतो आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलतो.

बाहेरच्या आवरणाचा फॉल्ट वेगळ्या रीतीने काढतात. स्क्रीन आणि जमीन यांच्यात डीसी लावून जमिनीत दोन सळ्या रोवत पुढे जायचे. फॉल्ट ओलांडला की मीटरचा काटा उलट्या बाजूला झुकतो. उन्हाळ्यात सळ्या रोवलेल्या जागी तांब्याभर पाणी ओतले नाही तर काटा हलतच नाही. हे काम कोणी आवर्जून करत नाही, कारण आवरण फाटले म्हणून ब्रेकर पडत नाही. पण ओल शिरते ती तिथूनच. दोन पावसाळ्यांनंतरचा मोठा फॉल्ट आज छोटा असताना पकडायचा तर हीच वेळ.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: खड्ड्यात दिसते ती केबल तीच आहे का? एका चरात तीन-चार सारख्या केबल असतात आणि त्यातली एक जिवंत असू शकते. ओळख पटवणारे यंत्र लावून, आणि तरीही दुरून चालवायच्या स्पाइकिंग साधनाने केबल बेजान असल्याची खात्री करूनच करवत लावायची. अंदाजाने केबल कापू नये. तसेच मेगर किंवा उच्च दाबाची चाचणी झाल्यावर लांब केबल स्वतःच कपॅसिटर बनून भारलेली राहते. डिस्चार्ज रॉडने तिचा भार काढून ती अर्थला जोडून ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये. सुरक्षिततेचे प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत आधी आहे, आणि ते गाळून पुढे जाऊ नये.

शेतीच्या केबलसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे ना थंपर लागतो ना टीडीआर. पाचशे व्होल्टचे मेगर आणि थोडा धीर पुरतो. मोटार अर्थ झाली की पहिला विचार येतो बोअरमधून सगळे पाइप उपसण्याचा, आणि त्याला माणसे, यंत्र आणि पैसा लागतो. त्याआधी मेन स्विच बंद करून बोअरच्या तोंडाशी केबलचा जोड सोडवा आणि स्टार्टरपासून तिथपर्यंतचा जमिनीवरचा तुकडा वेगळा मेगर करा. बांधावर उंदराने कुरतडलेला किंवा कुदळ लागलेला भाग इथेच सापडला तर उपसणे वाचते. तुकडा चांगला निघाला तर दोष खाली आहे: पाण्यातल्या जॉइंटमध्ये, केबलमध्ये किंवा मोटारीत. मग उपसताना दर काही पाइपांनी काम थांबवून, सगळ्यांचे हात बाजूला ठेवून मेगर करा. दोषाची जागा पाण्याबाहेर आली की बहुधा रीडिंग चढते. सप्लाय चालू ठेवून झटका बसतो का ते बघणे ही चाचणी नव्हे. ओल्या जमिनीत त्याने जीव जातो.

कमी दाबाच्या शहरी केबलसाठीही महागड्या यंत्राआधी एक सोपी रीत आहे. मधल्या फीडर पिलरवर केबल सोडवायची आणि दोन्ही अर्ध्या भागांचे मेगर करायचे. बिघडलेला अर्धा भाग पुन्हा मध्ये सोडवायचा. प्रत्येक वेळी शोधायची लांबी निम्मी होते.

आता ज्यासाठी ही सगळी खटपट केली ते सांगतो. वरच्या प्रत्येक पायरीला एक कागद लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी नसतो. टीडीआरला केबलची खरी लांबी हवी. मरे लूपला प्रत्येक तुकड्याची जाडी हवी. टीडीआरच्या चित्रात जुने जॉइंटही छोटे प्रतिध्वनी देतात. ते कुठे आहेत हे माहीत नसेल तर जॉइंटलाच फॉल्ट समजून खड्डा घेतला जातो. मार्ग माहीत नसेल तर मोजलेले मीटर जमिनीवर उतरत नाहीत. केबल नवी असताना केलेले मेगरचे रीडिंग लिहिलेले नसेल तर आजचे रीडिंग चांगले की वाईट हे ठरवायला मापच उरत नाही. यंत्र विकत घेता येते, भाड्याने आणता येते. ही माहिती चर बुजवल्यानंतर कुठेच विकत मिळत नाही. केबलच्या फॉल्टचे निम्मे काम केबल पुरण्याच्या दिवशीच झालेले असते, किंवा कायमचे राहून गेलेले असते.

ही पुस्तिका आयटीआय आणि तंत्रनिकेतनातले विद्यार्थी, कारखान्यांचे सुपरवायझर, वितरणाचे कर्मचारी आणि गावातले वायरमन यांच्यासाठी आहे. गणित गुणाकार-भागाकारापलीकडे नेलेले नाही आणि शब्द कामावर चालतात तेच ठेवले आहेत. वाचून कोणी तज्ज्ञ होणार नाही. त्यासाठी जाणत्या माणसाच्या हाताखाली उभे राहावे लागते. पण कोणता आकडा कशासाठी घ्यायचा हे माहीत असले, की तो जाणता माणूस काय करतो आहे ते कळू लागते.

वाचकांना एकच विनंती. पुस्तिकेच्या शेवटी एका पानाचा नमुना दिला आहे: केबलची लांबी, जाडी, टाकल्याची तारीख, मार्गाचा कच्चा नकाशा, प्रत्येक जॉइंटचे पक्क्या खुणेपासूनचे अंतर, चर बुजवण्यापूर्वीचा फोटो आणि पहिले मेगर रीडिंग. बाकी काही वाचले नाही तरी चालेल. ते पान झेरॉक्स करा, आपल्या ताब्यातल्या प्रत्येक केबलसाठी भरा आणि पॅनेलच्या दारामागे लावून ठेवा.